तळं दिसण्याचे जादा

माणसाने सहलीला जावे की न जावे, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तळ्याकाठी जावे की डोंगरावर, हाही ज्याच्या त्याच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. माझं भांडण आहे ते हॉटेल निवडण्याशी. म्हणजे निवडण्याशीसुद्धा नाही. तळ्यापेक्षा हॉटेल जास्त निवडण्याशी. हल्ली मंडळी तळे पाच मिनिटांत पसंत करतात आणि हॉटेलसाठी तीन महिने घालवतात. स्थळ चहापोह्यात उरकून टाकायचे आणि मंगल कार्यालयासाठी वर्षभर वणवण हिंडायचे, त्यातलाच हा प्रकार.

हे मी ऐकीव माहितीवर बोलत नाही. मी बारामतीत बँकेत कारकून आहे आणि खातेउताऱ्यावर गोल शिक्का मारण्याचे काम माझ्या टेबलावर असते. युरोपचा व्हिसा काढणाऱ्याला हा उतारा लागतो. त्यामुळे गावातून कोण कुठल्या तळ्याकाठी निघाले आहे, हे त्याच्या शेजाऱ्याच्या आधी मला कळते. व्हिसाची फी २०२४ च्या जूनपासून नव्वद युरो झाली, तीस हजार युरोंचा विमा लागतो, आणि मुक्काम कुठे करणार ते आधीच लिहून द्यावे लागते. म्हणजे आपल्याकडे पाहुणा दारात उभा राहिल्यावर 'या, या, अचानक कसे?' असे आपण तोंड भरून खोटे बोलतो, ती सोय तिकडे नाही.

आमचे हेडकॅशियर पुढच्या उन्हाळ्यात जोडीने युरोपात जाणार आहेत. तीन रात्री, एक तळे. तळे पाच मिनिटांतच ठरले होते. पण हॉटेलासाठी त्यांनी जो तक्ता आखला आहे, तो पाहून आमच्या ऑडिटरचे डोळे पाणावले असते. अकरा हॉटेले आडवी, चाळीस रकाने उभे. त्यात 'लेक व्ह्यू', 'पार्शल लेक व्ह्यू', 'लेक साइड' आणि 'निअर लेक' असे चार वेगळे रकाने. मी कॉमर्सचा माणूस, मला व्याख्या लागतात. विचारल्यावर कळले की 'लेक व्ह्यू' म्हणजे पलंगावरून तळे दिसते. 'पार्शल' म्हणजे बाल्कनीच्या कोपऱ्यात उभे राहून मान डावीकडे वळवल्यावर दिसते. 'लेक साइड' म्हणजे हॉटेल तळ्याकाठी आहे, तुमची खोली पार्किंगकडे आहे. आणि 'निअर लेक' म्हणजे तळे त्याच तालुक्यात आहे.

यातल्या प्रत्येकाचा दर वेगळा. तळे एकच, पाणी तेच, पण खिडकीतून दिसले तर जादा. मी म्हटले, "साहेब, दिवसभर तुम्ही बाहेरच असणार. रात्री खोलीवर आल्यावर अंधारात तळे काय आणि आपला नीरेचा कालवा काय, दोन्ही काळेच." त्यावर त्यांनी ऐकवले की तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. हे खरे आहे. पण मग नऊपर्यंत माणसाने तळ्याकाठच्या बाकावर बसावे. बाक फुकट असतो.

फुकट म्हणतोय खरा, पण तेही सगळीकडे नाही. स्वित्झर्लंडात ब्रिएन्झ तळ्यावर इझेल्टवाल्ड म्हणून एक चिमुकले गाव आहे. तिथल्या लाकडी धक्क्यावर एका कोरियन मालिकेतला नायक पियानो वाजवतो. ती मालिका जगभर गाजली आणि जो तो त्या धक्क्यावर फोटो काढायला येऊ लागला. गावाने २०२३ साली तिथे फिरते दार बसवले आणि धक्क्यावर पाय ठेवायचे पाच फ्रँक लावले. ऑस्ट्रियातल्या हालस्टाटला तर त्याच वर्षी लोकांनी थेट कुंपणच घातले, तेही नेमके तळे दिसते त्या जागी. हजाराच्या आतली वस्ती आणि रोज दारात हजारो पाहुणे. माझ्याकडे दिवाळीत मेहुण्याचे कुटुंब चार दिवस असते, तेवढ्याने माझ्याही मनात कुंपणाचे विचार येतात. ओरड झाल्यावर ते कुंपण काढले म्हणे. मेहुणे अजून येतात.

तर हेडकॅशियरांनी अखेर निवडले ते यातले कुठलेच नाही. त्यांनी फोटो दाखवला. निळेशार तळे, मागे बर्फाचे डोंगर आणि पाण्याच्या मधोमध उभा असलेला एका देवळाचा, म्हणजे चर्चचा मनोरा. फक्त मनोरा. "काय दृश्य आहे!" ते म्हणाले, "या मनोऱ्याकडे तोंड असलेली खोली मिळत असेल तर मी एफडी मोडायला तयार आहे." मुदतीआधी ठेव मोडली की व्याजात एक टक्का कापतात, हे दुसऱ्यांना समजावण्यात त्यांची तीस वर्षे गेली.

आता इथे मला राहवेना. तो मनोरा उत्तर इटलीतल्या ग्राउन नावाच्या गावाचा. चौदाव्या शतकातला. १९५० साली विजेसाठी धरण झाले, दोन लहान तळ्यांचे एक मोठे झाले आणि गाव पाण्याखाली गेले. दीडशेहून जास्त घरे गेली. मनोरा तेवढा राहिला. आज त्याचे फोटो निघतात, पोस्टकार्डे निघतात. दृश्य सुंदर आहे, नाही कोण म्हणतो? पण आमचे हेडकॅशियर मूळचे इंदापूर तालुक्यातले. त्यांच्या गावापासून अर्ध्या तासावर हेच दृश्य आहे आणि त्यांनी ते एकदाही गाडीतून उतरून पाहिलेले नाही!

पळसदेव. सोलापूर रस्त्याने गेलात तर भिगवणच्या पुढे. उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले, भीमेचे पाणी मागे मागे सरकत आले आणि जुने पळसदेव पाण्यात गेले. पळसनाथाचे जुने दगडी देऊळही गेले. पाणी उतरले की आधी शिखर वर येते, अगदीच उतरले की सगळे देऊळ. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असे उघडे पडले, तेव्हा लोक चिखल तुडवत दर्शनाला गेले.

उजनीचा हिशेब बँकेच्या माणसाने एकदा तरी पाहावा. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातले ६३ च्या वर मृतसाठा. म्हणजे काढता येण्याजोग्या शिलकेपेक्षा 'मिनिमम बॅलन्स'च मोठा. असे खाते आमच्याकडे कोणी उघडणार नाही. त्यामुळे उन्हाळ्यात धरण चक्क ओव्हरड्राफ्टमध्ये जाते आणि पेपरात 'उजनी उणे पन्नास टक्के' असे छापून येते. बाहेरच्या माणसाला वाटते, छपाईची चूक. इथल्या माणसाला कळते की आता देऊळ दिसणार.

माझ्या काउंटरवर महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनला एक आजी येतात. त्यांचे माहेर त्या पाण्यात आहे. एकदा मी बोलायचे म्हणून म्हटले, "आजी, तिकडे आता हॉटेलं झाली, लोक पाणी बघायला येतात." त्या म्हणाल्या, "येऊ द्या की बाबा. पर त्यान्ला म्हणावं, नुसतं पानी नगा बघू, खाली घरं हायेत." आणि अंगठा उमटवून नोटा मोजत बसल्या. माझ्या रागाचे मूळ इथे आहे. परक्याच्या बुडालेल्या गावाला आपण 'दृश्य' म्हणतो, त्याला जादा मोजतो. आणि आपल्या बुडालेल्या गावाला 'इथे काय आहे बघण्यासारखं?' असे म्हणून काच वर करतो.

आणि आहे की बघण्यासारखं! हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कुंभारगाव, डिकसळच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी असतात. अग्निपंख म्हणा हवे तर. पट्टेरी डोक्याचे हंस तर हिमालय ओलांडून येतात. त्यांना कोणी उतारा मागत नाही, माझा शिक्काही लागत नाही. त्यांचा हॉटेल निवडण्याचा तक्ता एका रकान्याचा आहे: पाणी उथळ आहे का? चिखलात खायला मिळते आहे की नाही ते बघतात आणि उतरतात. धरण तुडुंब असले तर उशिरा येतात. इतका सरळ विचार करणारे पाहुणे मी आमच्या नात्यात पाहिलेले नाहीत. डिकसळ म्हणजे काही आडगाव नव्हे हो. १८५८ साली पुण्याहून सोलापूरकडे निघालेली आगगाडी आधी इथपर्यंतच आली होती. लोकांनी तेव्हा कुठल्या हॉटेलात मुक्काम केला याची नोंद मी पाहिलेली नाही, पण 'पार्शल व्ह्यू'वरून भांडले नसावेत.

हिशेबाला धरून एक मुद्दा राहिला. आम्हा बँकवाल्यांना रजा प्रवास सवलत असते. पूर्वी काही हुशार मंडळी मदुराईचे तिकीट दाखवून वाटेत कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर करून यायची. मदुराई ते मदुराई, व्हाया सिंगापूर! नकाशा शिकवणारे मास्तर जिवंत असते तर त्यांनी छडीच काढली असती. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्राप्तिकरातून सुटणारी ही सवलत देशातल्या प्रवासापुरती आहे. भिगवण देशात आहे.

आता माझ्या बाजूचे सगळेच गोड आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडेही काठाने 'रिसॉर्ट' नावाची प्रजा वाढू लागली आहे. मी एकाला गेलो होतो. नाव सांगत नाही. शंभर पावलांवर मैलोगणती पाणी पसरलेले, आणि मालकाने तळ्याकडे पाठ करून पोहण्याचा हौद बांधलेला. त्यात कारंजे, वर कर्णा, आणि कर्ण्यातून जे गाणे चालले होते त्याने रोहितच काय, मासेही कर्जत तालुक्यात गेले असतील. तळ्याकडची बाजू भिंतीने बंद. का, तर 'गेस्टना प्रायव्हसी'. अहो, पाण्यात उभा असलेला बगळा कोणाची प्रायव्हसी मोडतो?

पाण्याचेही तसेच. पुण्या-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्याकडे येते. जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरतात. पुणेकरांची पद्धतच आहे, आधी सामान पुढे पाठवतात, मग स्वतः येतात. तक्त्यात एक रकाना याचा हवा: हॉटेलचा मैला कुठे जातो? चाळीस रकान्यांत तो कुणीही आखत नाही.

दुसरा रकाना होडीचा. २०२४ च्या २१ मे रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली आणि सहा माणसे गेली. ती सहलीची होडी नव्हती, रोजच्या येण्याजाण्याची होती. त्या लोकांना तळे ही मजा नव्हे, रस्ता आहे. तेव्हापासून मी पाण्याकाठच्या कोणालाही आधी तेवढेच विचारतो की अंगात घालायचे जॅकेट आहे का, आणि वारा सुटला तर होडी काढता का. गादी किती इंचांची हे नंतर.

आमच्या हिचा मुद्दा मात्र वेगळा आहे आणि तो खोडणे मला शक्य नाही, कारण तो बरोबर आहे. ती म्हणते, "हे बघा, तुमचा रोहित, तुमचं देऊळ सगळं मान्य. पण संडास स्वच्छ हवा, त्याला आतून कडी हवी, आणि तिथे जाऊन मी भाकऱ्या थापणार नाही." हेडकॅशियरांचे चाळीस रकाने एका वाक्यात मावले. युरोपचा निम्मा मोह या एका कडीत आहे, असे माझे मत आहे. आपल्या लोकांनी ती बसवावी. बाकी तळे, पक्षी, चिलापीचा तळलेला तुकडा आणि पहाटेचे धुके, एवढी दौलत आपल्याकडे आहेच.

म्हणून मी कुंभारगावच्या एका मासेमाराच्या घरी फोन लावला. पाहुण्यांना दोन खोल्या देतात असे कळले होते. तीसेक किलोमीटरचा प्रवास, दोन रात्री, व्हिसा नाही. हेडकॅशियर शेजारी तक्ता घेऊन उभे होते, त्यांनी एकेक रकाना पुढे सरकवायचा आणि मी विचारायचे, असे ठरले.

"संडासला कडी आहे का?"

"हाय की. नवी बसवलीया."

"होडीत जॅकेटं?"

"मानसागनिक येक. घातल्याबिगर बसवत न्हाय."

"जेवण?"

"मालकीन करती. तुमच्या मंडळींना चुलीम्होरं बसायचं काम न्हाय."

"गीझर?"

"पानी तापवून देतो की सायेब. किती बादल्या?"

हेडकॅशियरांनी तक्त्यावरून बोट फिरवले आणि 'लेक व्ह्यू'वर ठेवले. मी विचारले, "खोलीतून तळं दिसतं का?"

पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "तळं व्हय? भरल्यावर उंबऱ्याला लागतं. तुमाला कुठल्या म्हयन्यात यायचंय, ते सांगा."