जमिनीच्या भावात वाडा

सदाशिव पेठेतला, वाईच्या घाटाजवळचा किंवा नाशिकच्या जुन्या गावठाणातला वाडा विकायला निघाला की त्याची जाहिरात ठरल्या साच्याची असते. क्षेत्रफळ, समोरच्या रस्त्याची रुंदी, क्लिअर टायटल आणि शेवटी ‘जुने सागवानी बांधकाम’. ते वाचून पहिला फोन येतो तो बहुधा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्याने निदान सागवानाला भाव लावलेला असतो. आपल्या व्यवसायातली मंडळी पुष्कळदा तेवढेही करत नाहीत.

वाडा पडतो तो व्हॅल्युएशन रिपोर्टात, जेसीबी मागाहून येतो. जमिनीला बाजारभाव, बांधकामाचे वय शंभराच्या पुढे म्हणून घसारा पूर्ण, आणि इमारतीच्या रकान्यात पाडकामातून निघणाऱ्या मालाची किंमत. हा हिशेब पाडण्यासाठी घेणाऱ्या गिऱ्हाइकापुरता बरोबर आहे. पण राहायला किंवा अतिथिगृह चालवायला घेणारा आला तर त्याच्या हातात द्यायला आपल्याकडे एक कागद नसतो. किती खणांचा वाडा, कोणते चौक शाबूत, दुरुस्तीला अंदाजे किती, यातले काहीच लिहिलेले नसते. मग तोही जमिनीचाच भाव विचारतो आणि निघून जातो.

स्ट्रक्चरल रिपोर्टाचीही तीच तऱ्हा. पेशवाई धाटणीच्या वाड्याचा भार बराचसा लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर असतो. भिंतीत झाकलेले खांबही त्यात आलेच. त्यामुळे पांढऱ्या मातीच्या भिंतीला तडा दिसला म्हणून वाडा निकामी झाला असे होत नाही. पाहायचे ते दोन ठिकाणी: खांब तळखड्यावर टेकतो तिथे, आणि तुळईचे टोक भिंतीत शिरते तिथे. टोकदार सळई घेऊन टोचून बघावे. निरोगी सागवान सळईला दाद देत नाही, कुजलेले असेल तर ती सहज आत जाते. वरच्या मजल्यावर कधीकाळी भाडेकरूसाठी काढलेली मोरी नेमकी अशा टोकावर गळत असते. वर कडीपाट खणखणीत, खाली खांब ताठ, आणि हातभर तुळई गेलेली. तेवढा भाग कापून नवा सागवानी तुकडा सांध्याने बसवता येतो. टेकू देऊन चार सुतार करतील असे ते काम आहे. पण त्या हातभर लाकडापायी अख्ख्या वाड्यावर ‘सी-१’चा, म्हणजे अतिधोकादायक असल्याचा शेरा बसतो. सगळेच वाडे वाचवण्यासारखे असतात असा आमचा दावा नाही. काही खरोखरच धोक्याचे आहेत आणि त्यात माणसे राहतात. आमचा आक्षेप सळई न लावता मारलेल्या शेऱ्याला आहे.

दुरुस्तीच्या नावाखाली चढवलेला सिमेंटचा गिलावा हा आणखी एक रोग. जोत्यातून चढणारी ओल चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते, सिमेंटमागे ती कोंडते आणि भिंतीतल्या खांबाला खाते. घाणीचा चुना मळणारे गवंडी अजून मिळतात. ते महाग पडतात हे खरे, पण तुलना करायची तर खांब बदलण्याच्या खर्चाशी करावी.

कायद्याची बाजू आपण वकिलावर सोडून मोकळे होतो. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुली सहदायाद आहेत, त्यामुळे सह्यांची यादी लांबते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, वर्ग एकमधल्या एखाद्या वारसाने वारसाने आलेला हिस्सा विकायला काढला, तर त्याच्याबरोबरच्या वर्ग एकमधल्या इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने घेऊन वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ खाली घरच्या माणसाला तो हिस्सा कोर्ट ठरवील त्या किमतीला घेता येतो. किंमत ठरवायला कोर्ट बोलावते ते आपल्यालाच. म्हणजे घराण्यातल्या एखाद्याला वाडा राखायचा असेल, तर त्याची वाटही आपल्याच आकड्यावरून जाते. गोव्यात चांदोरच्या ब्रागांझा घराण्याच्या हवेलीचे दोन भाग कुटुंबाच्या दोन शाखांकडे आहेत आणि दोन्ही लोकांना पाहायला खुले आहेत. वाटणी झाली म्हणजे घर मोडलेच पाहिजे असे नाही.

पैशाचा प्रश्न उरतोच. वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरता आलेल्या बांधकामहक्काच्या बदल्यात टीडीआर देण्याची सोय मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत होती. आपल्या शहराच्या नियमावलीत आज काय मिळू शकते ते अशिलाला तपासून सांगणे हे वास्तुविशारदाचे काम आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत, उदाहरणार्थ शनिवारवाड्याच्या आसपास, तर स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर नव्या बांधकामाला बंदीच आहे. पाडून मोठे बांधण्याचे गणित तिथे मुळातच कोलमडते, दुरुस्तीला मात्र परवानगी घेऊन वाव आहे.

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच: वाड्याचे काम आले की रिपोर्टाला खणवार नकाशा जोडा, लाकडाची तपासणी कुठे केली ते लिहा आणि दोन किमती द्या, एक रिकाम्या जागेची व दुसरी दुरुस्त करून वापरायच्या वाड्याची. दुसऱ्या किमतीची फी वेगळी लावा, मालक देतात.