पेन्सिलीने लिहिलेले नाव

रहस्यकथेतला खुनी आधीच सांगून टाकणाऱ्याला कोणत्याही कायद्यात शिक्षा नाही, ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

ॲगाथा ख्रिस्तीबाईंची ‘द मर्डर ऑफ रॉजर अक्रॉइड’ ही १९२६ सालची कादंबरी मी प्रथम वाचली ती वाचनालयाच्या प्रतीत. दिवाळीची सुट्टी, शेजारी चिवड्याची बशी, आणि पहिले पान उलटतो तो काय! समासात कुणा परोपकारी सभासदाने पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवलेले. खाली दोन रेघासुद्धा!

चडफडत पुस्तक मिटले. पण चिवडा संपेना, म्हणून पुन्हा उघडले. हर्क्यूल पॉयरो हा बेल्जियन खासगी गुप्तहेर निवृत्त होऊन किंग्ज ॲबट नावाच्या इंग्लिश खेड्यात भोपळे लावीत बसला आहे. एक भोपळा तो वैतागून भिरकावतो, तो थेट शेजारच्या डॉक्टरांच्या बागेत! पुढे गावचे धनिक अक्रॉइड आपल्याच अभ्यासिकेत खंजिराने भोसकलेले सापडतात आणि भोपळेवाल्याला पुन्हा कामाला लागावे लागते.

शेवट वाचून त्या काळी कित्येक वाचक खवळले. लेखिकेने फसविले, असा गिल्ला झाला. डोरोथी सेयर्सबाईंनी मात्र तिची बाजू घेतली: सगळ्यांवर संशय घेणे हे वाचकाचे कामच आहे! एरवी मीही खवळलो असतो. पण नाव ठाऊक असल्यामुळे निवेदनातले वाक्यन्‌वाक्य मी उलटतपासणीला उभे केले, आणि थक्क झालो. धडधडीत खोटे एकही सापडेना. बाई फक्त ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. घाईने अर्थ लावून पुढे धावतो तो आपणच. लिहिले आहे तेवढेच वाचा, असे वर्गात वर्षानुवर्षे सांगणारा मी, ते शिकलो या खुनापासून! ब्रिटनमधील गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेने २०१३ साली हीच सर्वोत्कृष्ट गुन्हेकथा ठरविली, ती उगीच नव्हे.

तरीही एक गोष्ट गेली ती गेलीच. शेवटी पायाखालची जमीन सरकते, तो अनुभव आयुष्यात एकदाच मिळायचा. माझा त्या पेन्सिलीने हिरावून घेतला.

पुस्तक परत करण्यापूर्वी खोडरबर घेऊन बसलो. नाव पुसले, पण ठसा काही जाईना. शेवटी त्याच्यावरच ठळक अक्षरांत दुसरे नाव लिहिले. साफ चुकीचे!

वाचकहो, ख्रिस्तीबाईंनी जे केले नाही, ते मराठीच्या प्राध्यापकाने केले. पुढच्या वाचकाने क्षमा करावी. शेवटचे पान वाचल्यावर तो करीलच.