काळंपांढरं लोणार

आमच्या बुलढाण्यात निसर्गाच्या फोटोंवर भांडणारी माणसं मोजकीच. पण जी आहेत ती झाडून सारी आन्सेल अ‍ॅडम्सची भक्त. "तपश्चर्या बघा!" हे त्यांचं पालुपद. भला मोठा कॅमेरा, तिपाई, काळापांढरा फोटो, तासन्‌तास वाट पाहणं. आणि तो गेलन रॉवेल? छोटा कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगरात पळत सुटणारा, रंगांचा सोस असलेला उठवळ!

अहो, पण १९४१ साली हर्नांडेझ गावावरचा चंद्र टिपताना तुमच्या तपस्व्याची काय धांदल उडाली होती! प्रकाशमापक सापडेना. चंद्राची तेजस्विता पाठ होती म्हणून निभावलं. एक निगेटिव्ह झाली आणि ऊन पळालं. पुढं अंधाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं त्या आभाळाला त्यानं अधिकाधिक काळं केलं, ती मात्र साधना! आणि रॉवेल १९८१ मध्ये ल्हासात इंद्रधनुष्य पोताला राजवाड्यावर नेमकं बसावं म्हणून धावला, तर तो उठवळ?

रंगाला नाकं मुरडणाऱ्यांनी लोणारची आठवण ठेवावी. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. त्या दिवसांत अ‍ॅडम्सच्या पद्धतीनं फोटो काढला असता तर पाणी करडं ते करडंच! यावर एक भक्त म्हणाले, "रंग काढला की चित्राला गांभीर्य येतं."

अहो महाराज, पण बातमीच रंगात होती ना!