पाच मिनिटांचे बियाण्याचे दुकान

मुलांच्या हातातील मोबाइलविषयी यवतमाळ जिल्ह्यात जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिच्यात एक मोठी उणीव आहे. ती म्हणजे तक्रार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मुलाच्या शेजारी बसून पडद्यावर नेमके काय चालले आहे हे पाहिलेले असते. 'मोबाइलने पोरं बिघडली' एवढे म्हटले की पालकसभेतही विषय संपतो आणि पानठेल्यावरही संपतो. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, त्यामुळे वडील पेरणीच्या विवंचनेत असतात नेमके तेव्हाच मूल दिवसभर घरी असते, आणि ज्या खेळाने जगभरातील मुलांना अलीकडे वेड लावले तो खेळ बंदुकांचा नसून शेतीचा आहे. कापसाच्या जिल्ह्यात ही गोष्ट कोणाला दखल घेण्याजोगी वाटू नये, याचे वैषम्य वाटते.

या खेळाचे नाव 'ग्रो अ गार्डन'. तो मार्च २०२५ मध्ये रोब्लॉक्सवर आला. रोब्लॉक्स हा एकच खेळ नव्हे, तर वापरकर्त्यांनीच बनवलेले असंख्य खेळ एकत्र उपलब्ध करून देणारे, २००६ पासून चालू असलेले अमेरिकन व्यासपीठ आहे. जून २०२५ मध्ये या बागेत एकाच वेळी दोन कोटींहून अधिक खेळाडू होते, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील यवतमाळ जिल्ह्याच्या सुमारे २७ लाख ७२ हजार लोकसंख्येच्या सातपटींहून जास्त. यापूर्वी पब्जी २ सप्टेंबर २०२० रोजी आणि फ्री फायर १४ फेब्रुवारी २०२२ रोजी भारतात बंद झाले, परंतु दोन्ही वेळी सरकारने दिलेले कारण देशाच्या सुरक्षेचे आणि माहितीच्या गोपनीयतेचे होते. मुलांचे हित हे त्या बंदीचे कारण नव्हते, हे पालकांनी विसरू नये.

खेळाची रचना वरवर अत्यंत साधी आहे. प्रत्येक खेळाडूला जमिनीचा एक तुकडा आणि शेकल्स नावाचे थोडे आभासी चलन मिळते. त्यातून तो गाजराचे बी घेतो, लावतो, आलेले पीक विकतो आणि मिळालेल्या शेकल्समधून टोमॅटो, मका, टरबूज, आंबा अशी अधिकाधिक महाग बियाणी घेत जातो. खेळ बंद असतानाही पीक वाढत राहते, म्हणून सकाळी उठल्याबरोबर बाग पाहण्याची ओढ लागते, आणि शेजारच्या तुकड्यांवर इतर मुलांच्या बागा असल्याने आपली बाग त्यांच्यापेक्षा बरी दिसावी ही ईर्षाही जागी होते. बियाण्याच्या दुकानातील माल दर पाच मिनिटांनी बदलतो आणि दुर्मीळ बी क्वचितच विक्रीला येते, त्यामुळे मूल त्या दुकानापुढून हलायला तयार होत नाही. जेवायला बोलावले तरी ते उठत नाही, यात त्याच्या स्वभावाचा दोष शोधण्यापेक्षा ते घड्याळ ज्यांनी लावले त्यांच्याकडे पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

शेकल्सच्या जोडीला रोबक्स नावाचे दुसरे चलन आहे आणि ते खऱ्या पैशांनी विकत घ्यावे लागते. रोबक्स दिले की पाच मिनिटे थांबावे लागत नाही. त्याहून गंभीर गोष्ट ही की रोबक्स मोजून शेजाऱ्याच्या बागेतील पिकलेले फळ चोरता येते. येथे चोरी ही नियम मोडून केलेली कृती नसून विक्रीस ठेवलेली सेवा आहे. चोरणाऱ्याचे पैसे जातात, ज्याचे फळ गेले ते मूल रडते, आणि दोघांच्या भांडणातून मिळकत होते ती फक्त खेळ चालवणाऱ्यांना. दहा वर्षांच्या मुलासमोर असा व्यवहार ठेवणे हे निव्वळ अनैतिक आहे, आणि करमणुकीच्या नावाखाली त्याचे समर्थन होऊ शकत नाही. ज्या घरांत यूपीआयचा पिन आईवडिलांपेक्षा मुलालाच अधिक पाठ असतो, कारण वीजबिल आणि मोबाइलचे रिचार्ज तेच करून देत असते, त्या घरांत हा धोका केवळ कल्पनेतला नाही.

ऑनलाइन गेमिंगविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आहे. रोबक्स देऊन फळ चोरणाऱ्या मुलाला रुपये परत मिळण्याची आशा नसते, त्याचे पैसे फक्त जातात, आणि म्हणून असा व्यवहार त्या व्याख्येत बसत नाही. या कायद्याला राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्ट २०२५ रोजी मिळाली, आणि तो दिवस पोळ्याचा होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मोठ्यांच्या पोळ्यात खरे बैल सजवून आणतात, तर तान्ह्या पोळ्यात मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून दोरीने ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे ओवाळणीसारखी खुशीची रक्कम किंवा खाऊ, मिळवतात. या प्रथेचे श्रेय परंपरेने नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना दिले जाते, आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथील तान्हा पोळा त्याच्या मोठाल्या लाकडी बैलांसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे शेती-शेती खेळणे या भागातील मुलांना नवे नाही. अनेक पिढ्यांनी ते केले, अनेकांनी मिळून केले, आणि त्यात शेजारच्या मुलाचा बैल आपल्यापेक्षा देखणा असल्याची ईर्षाही होती. फरक पैशाच्या दिशेचा आहे. तान्ह्या पोळ्यात मोठ्यांच्या खिशातून पैसा मुलाच्या हातात येतो आणि गावातच राहतो. रोबक्सच्या बागेत तो मुलाच्या हातून निघून गावाबाहेर, देशाबाहेर जातो. त्यामुळे मुलाला बाग लावू द्यावी, परंतु मोबाइलवरील खरेदीला आईवडिलांचा पासवर्ड लावून ती अडवावी आणि अनोळखी व्यक्तींशी चालणारा संवाद बंद ठेवावा, एवढे तरी घराघरांत आजच व्हायला हवे.

तथापि या खेळातील सर्वांत मोठे असत्य पैशाचे नाही, पावसाचे आहे. खेळात पाऊस पडला की भिजलेल्या फळाची किंमत दुप्पट होते, आणि वीज पडली तर ती शंभरपट होते. निसर्गाचा प्रत्येक कोप तेथे लाभ बनून येतो, आणि एकाच दिवशी लाखो मुलांनी टोमॅटो विकले म्हणून टोमॅटोचा भाव पडत नाही. राळेगाव, पांढरकवडा किंवा वणीच्या कापूस उत्पादकाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तरच पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते, आणि १२ टक्क्यांपुढे कापूस नाकारला जातो. खेळात फवारणीची साधनेही आहेत आणि ती निरुपद्रवी आहेत. याच जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. घरात हे सारे घडत असताना मूल पडद्यावर अशी शेती करते की जिच्यात लावलेले उगवतेच, उगवलेले विकलेच जाते आणि विकलेल्याचा भाव मिळतोच. उद्या त्याच मुलाला वडिलांचे अपयश हा वडिलांचाच दोष वाटू लागला, तर त्याची समजूत कोणी काढायची?

असे असूनही त्या आभासी शेतीतील एक गोष्ट खऱ्या शेतीपेक्षा निःसंशय सरस आहे, आणि ती म्हणजे तेच पाच मिनिटांचे दुकान. त्या दुकानात कोणते बी किती शिल्लक आहे आणि त्याचा भाव काय, हे प्रत्येक खेळाडूला पडद्यावर दिसते. शिल्लक नसेल तर नाही असे लिहिलेले असते. आहे म्हणून आत बोलावून मग वेगळेच पाकीट पुढे सरकवले जात नाही.

जून आला की या सदराचा विषय बियाण्यांकडे वळतो, हे नियमित वाचकांना ठाऊक आहे, आणि तो वळण्याचे कारण दर वर्षी नव्याने मिळते. बीटी कापसाच्या बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते; २०२५ च्या खरिपासाठी बीजी-२ प्रकारच्या, ४७५ ग्रॅम वजनाच्या पाकिटाची किंमत ९०१ रुपये होती. तरीही ज्या वाणाला मागणी असते, त्याच्याबाबत 'माल संपला' हे उत्तर मिळते, आणि तोच माल मागच्या दाराने चढ्या भावात उपलब्ध असल्याची तक्रार हंगामागून हंगाम होत राहते. मे २०२४ मध्ये अकोल्यात विशिष्ट वाणाच्या कापूस बियाण्यासाठी शेतकऱ्यांना विदर्भाच्या भर उन्हात रांगा लावाव्या लागल्या. याच्या जोडीला लिंकिंग आहे, म्हणजे हवे असलेले बियाणे किंवा खत देताना नको असलेले दुसरे उत्पादनही घेण्याची सक्ती. ती नियमबाह्य असल्याचे अधिकारी सांगतात, आणि काउंटरवर मात्र ती चालूच राहते, कारण शेतकऱ्याला पेरणीची वेळ चुकवणे परवडत नाही.

ही वेळेची कोंडी किती घट्ट असते, ते २०२५ च्या हंगामाने दाखवले. त्या वर्षी मॉन्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, त्यामुळे विदर्भातही बियाण्याच्या खरेदीची घाई झाली, परंतु नंतर त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रखडली आणि पुरेसा पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये असे आवाहन कृषी विभागाला करावे लागले. पहिल्या सरीवर पेरले आणि नंतर उघडीप पडली तर बी जमिनीतच जाते व दुबार पेरणी करावी लागते. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, आणि बहुधा पुन्हा उसनवारी. अशा वेळी कोणत्या दुकानात कोणते वाण किती आहे, हे घरबसल्या कळणे याला सोयीपेक्षा फार मोठे मोल असते. आर्णीचा किंवा झरी जामणीचा शेतकरी बियाण्यासाठी तालुक्याच्या गावी चार चकरा मारतो, तेव्हा त्याचे भाडे जाते, मजुरीचे दिवस जातात आणि ओल निघून जाते.

खेळ बनवणाऱ्यांना जे काही ओळींच्या सूचनांनी साधते, ते सरकारला साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही. बियाण्याचा उत्पादनापासून विक्रीपर्यंत माग ठेवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये 'साथी' हे पोर्टल सुरू केले आहे. अशा नोंदीतून तालुकावार आणि दुकानवार शिल्लक रोज संध्याकाळी शेतकऱ्याच्या मोबाइलवर साध्या मराठीत दिसावी, ही मागणी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी आणि कृषी विभागाने आता मनावर घ्यावी. रोब्लॉक्सवर बंदी हवी की नको, यावर सभा घेण्यात दवडला जाणारा वेळ या कामाला दिला, तर त्या मुलांच्याच घरांचे भले होईल.

तोपर्यंत एक साधन हाताशी आहे आणि ते वापरले जात नाही. बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ नुसार प्रत्येक विक्रेत्याने साठा आणि भाव यांचा फलक दुकानाच्या दर्शनी भागात लावून तो रोजच्या रोज अद्ययावत ठेवणे बंधनकारक आहे. ज्या कृषी सेवा केंद्रात हा फलक नसेल किंवा कोरा असेल, त्याची लेखी तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करावी, तिची पोच घ्यावी, आणि मजकूर घरातल्या मुलाकडून लिहून घ्यावा; दुकानात शिल्लक आणि भाव दिसायलाच हवेत, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.