रंगाआधीं गांठ

गेल्या दिवाळीच्या सुटींत गिरणेच्या एका डोहावर आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी गळ टाकून बसलेला भेटला. जळगांवच्या बाजारांतून त्यानें हिरव्या रंगाचें नवें तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणलें होतें. माशाला तें दिसणारच नाहीं, असा त्याचा भरंवसा होता. थोड्याच वेळानें काठी वांकली, मोठी मरळ पाण्यावर उसळली आणि दुसऱ्याच क्षणीं काठी पुन्हा सरळ झाली. "सर, रंगच चुकला, आतां निळा आणतों," तो खिन्नपणें म्हणाला.

मीं दोऱ्याचें टोंक हातांत घेतलें. तें डुकराच्या शेपटीसारखें वळलेलें होतें. दोरा तुटला नव्हता. गळाकडील तुकडा, ज्यास लीडर म्हणतात, तो ज्या गांठीनें जोडला होता ती गांठ सुटली होती. मासा गळास लागला, तेव्हां रंगानें आपलें काम केलेंच होतें. दोष गांठीचा, आणि शिक्षा मात्र रंगाला!

रंग निरुपयोगी आहे, असें माझें म्हणणें नाहीं. पाणी प्रकाशांतील तांबडा रंग प्रथम शोषून घेतें. म्हणून खोल पाण्यांत तांबडा दोरा काळपट दिसतो. परंतु श्रावण-भाद्रपदांत तापी, गिरणा आणि पांझरा गढूळ वाहतात, तेव्हां मिशांचे मासे वासानें व स्पर्शानेंच आमिष शोधतात. तेथें रंगाची चिकित्सा व्यर्थ होय. पौष-माघांत पाणी निवळलें म्हणजे रंगाचा विचार अवश्य करावा. पण तोही आमिषाजवळच्या दोन-तीन हातांपुरता. बाकीचा दोरा माशासाठीं नसून आपल्या डोळ्यांसाठीं असतो. तो खुशाल पिवळा घ्यावा, म्हणजे त्याची बारीकशी हालचालही कळते. लीडर मात्र बिनरंगी असावा. फ्लुओरोकार्बनचा वक्रीभवनांक सुमारें १.४२, पाण्याचा १.३३ आणि नायलॉनचा १.५ हून अधिक. म्हणून पाण्यांत फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षां कमी उठून दिसतो.

आतां गांठ. १९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉन जाहीर झालें. त्यापूर्वीं रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीपासून ओढलेली तांत लीडरसाठीं वापरीत, आणि ती भिजवून मऊ केल्यावांचून तिला गांठ मारीत नसत. ही शिस्त आपण विसरलों. सुती दोरा खरखरीत असल्यामुळें साधी गांठ धरून ठेवतो. नायलॉन गुळगुळीत, तें निसटतें. म्हणून गळ बांधण्यापूर्वीं दोन्ही दोऱ्यांचीं टोंकें उलट दिशांनीं वीतभर शेजारीं ठेवावीं. दोन्ही पदरांचा मिळून एक फांसा करावा. त्यांतून सबंध लीडर व दुसऱ्या दोऱ्याचें टोंक हीं बरोबरच तीनदां ओंवावीं. मग गांठ ओली करून चारही पदर सावकाश ओढावे. कोरडी गांठ झटक्यानें आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेनें नायलॉन दुबळें होतें. शेवटीं हातानें ताणून पाहावें. सुटायचीच असेल, तर ती हातांतच सुटूं द्यावी.

एवढ्या लहान गोष्टीचा एवढा आग्रह कां? कारण ती मरळ आपल्या तोंडांत गळ आणि हातभर नायलॉन घेऊन गेली. आपण एक जेवण गमावलें. तिनें काय गमावलें, हें आपणांस दिसत नाहीं. शिवाय नायलॉन सुतासारखें कुजत नाहीं. हतनूरच्या जलाशयावर हिंवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरतात. पाण्यांत सोडलेला दोरा त्यांच्या पायांत व पंखांत गुंतूं शकतो. म्हणून लीडर मुख्य दोऱ्यापेक्षां थोडा कमी ताकदीचा घ्यावा. गळ खडकांत अडकलाच, तर तेवढाच तुकडा तुटतो व लांब दोरा आपल्या हातीं परत येतो. उरलेले तुकडेही खिशांत घालून घरीं आणावे. ज्याला एवढें करवत नाहीं, त्यानें नदीवर गळ घेऊन जाऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

याकोब व योहान यांना प्रभूनें हांक मारिली, तेव्हां ते तारवांत जाळ्यांची डागडुजी करीत बसले होते, असें शुभवर्तमान सांगतें. त्यांच्या जाळ्यांचा रंग मात्र कोणींच लिहून ठेविला नाहीं.