घरांतील घड्याळ व देहांतील घड्याळ

एकत्र कुटुंबांत पहाटे चार वाजतां आजोबा स्नान आटोपून देवघराकडे वळतात. त्याच सुमारास माडीवरील नातू दिवा मालवून अंथरुणास पाठ टेकवितो. घर पहिल्यास सत्त्वशील म्हणतें, दुसऱ्यास आळशी. हा निवाडा कितपत न्याय्य आहे, याचा आज आम्ही वाचकांसह विचार करणार आहों.

देहांत घड्याळ आहे ही कविकल्पना नव्हे. इ. स. १९७१ मध्यें अमेरिकेंत कोनोप्का व बेंझर यांनीं फळमाशीच्या ठायीं तें चालविणारें ‘पिरियड’ नांवाचें जनुक हुडकून काढिलें. आपल्या देहांतील रीत अशी: ‘क्लॉक’ व ‘बीमॅल-१’ हीं दोन जनुकें ‘पिरियड’ व ‘क्रिप्टोक्रोम’ या जनुकांस कामास लावितात, त्यांचीं प्रथिनें पेशींत सांचलीं कीं तीं उलट पहिल्या जोडीचाच हात धरितात, तीं विरलीं कीं चक्र पुन्हा सुरू होतें. एका फेऱ्यास सुमारें चोवीस तास लागतात.

वानरकुलानें हा वारसा टाकिला नाहीं. मात्र त्याचा उपयोग निरनिराळ्या प्रकारें केला. दक्षिण भारतांतील लोरिस आजही रात्रींच वावरतो. माकडांचे व आपले पूर्वज मात्र दिवसाकडे वळले. पुढें दक्षिण अमेरिकेंतील घुबडमाकड पुन्हा रात्रीकडे परतलें. मांजराच्या डोळ्यांत अंधारीं चकाकणारा पडदा असतो, तो या माकडाच्या मोठ्या डोळ्यांत नाहीं. त्याचे पूर्वज दिवसा फिरणारे होते, याची ही खूणच होय. नवलाची गोष्ट ही कीं, मेंदूंतील मुख्य घड्याळ निशाचर व दिवाचर अशा दोहोंतही दिवसाच अधिक कार्यरत असतें. फरक पडतो तो त्याचा संकेत उरलेला देह कसा वाचतो यांत.

हा संकेत किती दूरवर पोंचतो, तें इ. स. २०१८ मध्यें बबून वानरांवरून दिसून आलें. शरीराच्या ६४ भागांचे नमुने तपासले असतां, प्रथिनें घडविणाऱ्या जनुकांपैकीं शेंकडा ८० हून अधिक जनुकें कोठें ना कोठें दिवसाच्या तालावर चालत असल्याचें आढळलें.

आतां माणसांकडे येऊं. इ. स. २००१ मध्यें अमेरिकेंतील एका घराण्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांतील कित्येकांस सायंकाळींच झोंप अनावर होई व पहाटे फार लवकर जाग येई. कारण दुसऱ्या क्रमांकाच्या ‘पिरियड’ जनुकांतील एका अक्षराचा बदल! इ. स. २०१७ मध्यें उलट प्रकार आढळला: क्रिप्टोक्रोममधील एका बदलानें झोंप उशिरां येते. असे ठळक बदल विरळाच. परंतु लवकर वा उशिरां निजण्याचा कल कांहीं अंशीं जन्मतःच मिळतो, हें खरें. त्यांतच ऐन तारुण्यांत हें घड्याळ मागें रेंगाळतें व उतारवयांत पुढें सरतें.

तेव्हां आजोबांची पहाट हें सर्वस्वी पुण्य नव्हे आणि नातवाची सकाळ हें सर्वस्वी पाप नव्हे. याचा अर्थ शिस्तच नको असा कोणी करूं नये. देहांतील घड्याळ प्रकाशानें लावतां येतें; रात्रीं दिवे मंद करावे, सकाळीं अंगणांतील उजेडांत कांहीं वेळ काढावा. दूषणें देऊन मात्र तें कधींच पुढें सरकत नाहीं, एवढें घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें, अशी आमची विनंती आहे.