गिअरबॉक्सला कोणतं तेल?

"नव्वद नंबर टाका, चालतंय!" गॅरेजमधला हा सल्ला, मित्रांनो, अर्धाच खरा. ९० म्हणजे फक्त तेलाचा घट्टपणा. जीएल-४ की जीएल-५, हा प्रश्न उरतोच. आणि पाच मोठा म्हणून चांगला, असंही नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. डिफरन्शियलच्या हायपॉइड गिअरना ती हवीतच. पण गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना काही जीएल-५ तेलं खातात. रिंग झिजली की गिअर खरखरतो, ट्रक उभा राहतो आणि ड्रायव्हरची रोजी बुडते. काही ट्रकच्या गिअरबॉक्सना तर चक्क इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं. तेव्हा भावी इंजिनिअरांनो, डब्यावरचा आकडा नंतर, आधी मॅन्युअल उघडा!